ताईचा डावा डोळा

नाशिक, ९ ऑगस्ट

दाजी,

पत्राची सुरुवात कशी करतात ते नववीत शिकवलं होतं. तो धडा चालू होता तेव्हा मी बहुतेक गोदाघाटावर असेन, त्यामुळे सरळ नमस्कार. मी भिकन, तुमचा मेव्हणा. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचा.

तुम्ही ताईचा नंबर ब्लॉक केला, माझा केला, आईचाही केला. आईला तर फोन लावता येत नाही, ती नुसता उचलते. पण पत्र ब्लॉक होत नाही. फाडता येतं. फाडलंत तर दुसरं लिहीन. तुमच्या पत्त्यात गावाचं नावच नाही, नुसतं ५६ एपीओ, लष्कराचं पोस्ट. तुम्ही कुठल्या डोंगरावर बसलाय ते मला माहीत नाही, पोस्टाला माहीत आहे, तेवढं पुरे.

तुमच्या आईंनी सिन्नरहून निरोप पाठवला की दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही येणार, लेकीला, साक्षीला घेऊन जाणार आणि ताईने वकिलाकडे सोडचिठ्ठीवर सही करायची. का, ते निरोपात नव्हतं. ताईनेही विचारलं नाही. पण देवळाली कॅम्पात ते सगळ्यांना माहीत आहे. खंडेरावची, म्हणजे तुमची, बायको पोरांना डोळा मारते.

तुम्ही जुलैत आला होतात हे पण मला माहीत आहे. स्टेशनवरून घरी न जाता थेट बाजारात, अचानक जाऊन ताईला चकित करायला. निवृत्तीशेठच्या दुकानासमोर काळूच्या टपरीवर चहा सांगितलात आणि उभे राहिलात. ताई काउंटरवर बसून नेहमीसारखी वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवत होती. एक रिक्रूट आला, तिने डोळा मारला. दुसरा आला, त्याला मारला. तिसरा आला. तुम्ही बॅग उचलली आणि सिन्नरची बस धरली. काळू म्हणतो, चहा तसाच होता, त्यावर साय आली होती. काळू हे सगळ्यांना सांगतो, म्हणून म्हटलं तुम्हालाही कळावं की तो सांगतो.

दाजी, जरा थांबला असतात तर तुमच्यानंतर पेन्शनवाली एक आजीबाई आली होती, तिलाही ताईने डोळा मारला. मग कात्रीला मारला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरला.

तिचा डोळा आपोआप मिटतो. डावा. मिटताना गाल पण वर ओढला जातो. झोपेतही होतं, साक्षीने पाहिलंय.

हे आम्हाला आधी कळायला पाहिजे होतं, पण त्याला कारण आई. गेल्या श्रावणात तो डोळा नुसता लवायचा, पापणीखाली फडफड. आई चांदवडहून राहायला आलेली. ती म्हणाली, "बाईचा डावा हाय ना, मंग लय चांगलं. कोनतरी येनार." आणि आठवड्यात तुम्ही रजा मिळून दारात हजर. आठवतं? आता अशा डोळ्याला कोण डॉक्टरकडे नेणार. आमच्या घरात तो डोळा पोस्टमन झाला. लवला की आई दारात सडा घालायची.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ कॉलवर मला कसं दिसलं नाही. ती मोबाईल उजव्या बाजूला डब्याला टेकवून ठेवायची आणि अर्धंच तोंड दाखवायची. तुम्ही तिकडे बर्फात, उगाच घोर नको म्हणून. तुम्ही एकदा विचारलं होतंत म्हणे, नीट समोर का बघत नाहीस. ती म्हणाली, उजेड डोळ्यावर येतो.

आणखी लिहिणार होतो, पण कागद संपला आणि दुसरा आणायला खाली गेलो तर गल्लीत सापवाला आला होता. आता पोस्ट बंद व्हायची वेळ झाली.

भिकन


नाशिक, ३० ऑगस्ट

दाजी,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

मी सध्या काय करतो ते तुम्हाला माहीत नसेल, मलाही दर दोन महिन्यांनी बदलावं लागतं. द्राक्षाचा टेम्पो सोडला. त्र्यंबकेश्वरला एका लॉजवर होतो, यात्रेकरूंच्या बॅगा आणि त्यांच्या हातातली केळी माकडांपासून सांभाळायची. तिथलं एक माकड चष्मा नेतं आणि केळ दिलं की परत देतं. त्याच्याइतका सरळ व्यवहार मी कुठल्या मालकाकडे पाहिला नाही. ते राहू द्या. आता मी गंगापूर रोडला कातडीच्या डॉक्टर मॅडमची गाडी चालवतो.

तिथे मोठ्या घरच्या बायका येतात. घरात लग्न ठरलं की आधी हॉल बुक, मग मॅडमची वेळ. कपाळाच्या आठ्यांवर इंजेक्शन घेतात, बोटॉक्सचं. आठ्या जातात म्हणजे कपाळच हलायचं बंद होतं. एका नवऱ्या मुलीच्या आईने जरा जास्तच घ्यायला लावलं. लग्नात विहिणीने साडी दिली, बाईला मनापासून आनंद झाला, पण कपाळ ढिम्म. विहीण म्हणाली, आवडली नाही वाटतं. त्यावरून दोन्हीकडची माणसं पंगत थांबवून बसली. मॅडम हे गाडीत सांगत होत्या आणि मी हसता हसता गाडी बाजूलाच घेतली.

हसून झाल्यावर डोक्यात आलं. कपाळ थांबतं तर डोळा का थांबणार नाही?

मॅडमना विचारलं. त्या आधी म्हणाल्या, पुढे बघून चालव. मग म्हणाल्या, फोटो आहे का? फोटोत काय दिसणार, माझ्याकडे साक्षीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ होता. त्यांनी तो दोनदा पाहिला. केक कापताना ताईचा डोळा मिटतो आणि साक्षी तिच्याकडे बघून डोळा मिचकावते, ते त्यांनी परत पाहिलं. साक्षीला वाटतं आई तिला खूण करते, म्हणून ती उलट खूण करते. शाळेच्या फाटकावर रोज दोघींचं हे चालतं. याच्यावरूनही कोणी काहीतरी बोललं असेल.

मॅडम म्हणाल्या की हा आजार आहे, याला नाव आहे (नाव लांब होतं, मी विसरलो), आणि हेच इंजेक्शन याच्यावर चालतं, आठ्यांच्या आधीपासून डोळ्यांवरच वापरायचे. मी म्हटलं, मग उद्याच आणतो तिला. तर म्हणाल्या, माझ्याकडे नाही. आधी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखव. आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय वरून टोचणाऱ्याकडे जाऊ नकोस, कितीही ओळखीचा असला तरी.

ताई यायला तयार नव्हती. निवृत्तीशेठनी तिला आता आत बसवलंय, पडद्यामागे, कपड्यांच्या गठ्ठ्यात. माणूस वाईट नाही, गिऱ्हाईक कुजबुजतं म्हणाले. तिथे दिवसाही बल्ब लावावा लागतो. सुईत दोरा ओवायला गेली की डोळा मिटतो. ती म्हणाली, "इंजेक्शन घेऊन कोणाला दाखवू? ज्यांनी बघायचं ते बघून गेले."

मी म्हटलं, सुईला दाखव.

त्यावर ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर माझ्या आधी हजर होती. फोटो काढला मशीनमध्ये घालून, आतून. कानामागे रक्ताची एक शीर तोंडाच्या नसेला टेकलीय. ती उडाली की नसेला धक्का आणि तोंड ओढलं जातं, बस. गाठ वगैरे काही नाही. डॉक्टरांनी पेनाने दाखवलं, मला पण दिसलं. त्याची एक प्रत सोबत पाठवतोय. काळी आहे, पण उजेडात धरा. पेनाने गोल केलाय ना, ती जागा. तुमच्या बायकोचा डोळा तिथून मिटतो.

भिकन


देवळाली कॅम्प, १६ सप्टेंबर

दाजी,

इंजेक्शन झालं. आधी घरात जे झालं ते सांगतो, कारण त्याच्यात तुमचाही संबंध आहे.

डॉक्टरांनी सगळं सांगूनच देतो म्हटलं आणि सांगितलं की मुळात हे एक विष आहे, खराब झालेल्या डबाबंद अन्नात जे जंतू होतात त्यांचं. इथे थेंबाचाही बारीक भाग देतात, तेवढ्याने फक्त तो स्नायू झोपतो. मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं. आईने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "तोंडात इख घालून घ्यायचं? चांगला शकुनाचा डोळा हाय पोरीचा. मारून टाकता का त्याला?"

मी समजावत होतो की मरत नाही, झोपतो. आई ऐकेना. तिने मिठाने दृष्ट काढली, मग मिरच्यांनी, सगळी खोली ठसक्याने भरली, शेजारच्या सृष्टीवहिनी खोकत दार वाजवायला आल्या.

ताई खिडकी उघडत म्हणाली, "आई, लोकांनी दिलेलं विष वर्षभर चालवून घेतलं ना मी? मग डॉक्टरचं का नको?"

ती हे मोठ्याने बोलली नाही. पण सकाळी आई दवाखान्यात यायला नवी साडी नेसून तयार होती.

सुई एकदम बारीक होती, डोळ्याभोवती चार-पाच ठिकाणी आणि गालाला जरासं. ताई म्हणे डास चावल्यासारखं वाटलं. आईने मात्र माझा हात इतका धरला की नखं उठली. मग सांगितलं की आज चोळायचं नाही, लगेच आडवं व्हायचं नाही. आणि लगेच काही होणार नाही, थोडे दिवस वाट बघा. आणखी एक सांगितलं, ते तुम्ही नीट वाचा. हे कायमचं नाही. तीन-चार महिन्यांत औषध उतरतं आणि डोळा परत सुरू होतो. मग परत घ्यायचं. असं चालू राहतं. ऑपरेशन असतं, पण ते कवटीमागून, ताई आत्ता नको म्हणाली.

परत येताना रिक्षात डोळा मिटतच होता. रिक्षावाला आरशात बघत होता. मी त्याला म्हटलं, तुला नाही मारत, पुढे बघ.

भिकन


देवळाली कॅम्प, ६ ऑक्टोबर

दाजी,

थांबला.

आधी कमी झाला, मग एका सकाळी ताई चहा गाळत होती आणि आई तिच्याकडे बघत बसली, आणि चहा गाळून झाला, कपात ओतून झाला, तरी डोळा उघडाच. आई उठून देवापाशी गेली. मला वाटतं तिला बरंही वाटलं आणि पोस्टमन गेल्याचं वाईटही.

सगळं छान झालं असं लिहिणार नाही. हसताना ओठ डावीकडे जरा मागे राहतो, उजवा आधी हसतो आणि डावा उशिरा पोचतो. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी गालाचं कमी देऊ. डोळा कोरडा पडतो, त्यात थेंब घालते. आणि साक्षी रुसलीय. शाळेच्या फाटकावर ती डोळा मिचकावते आणि आईचं उत्तर येत नाही. ताईने मुद्दाम मिचकावून पाहिला, तर तो डोळा पुरता मिटेना. मग उजवा मिचकावला. साक्षी म्हणाली, हा आपला नाही.

निवृत्तीशेठनी तिला पुन्हा पुढे बसवलंय. पहिल्या दिवशी काळूने टपरीवरून दिवसभर मान लांब करून पाहिलं आणि संध्याकाळी बिनपैशाचा चहा पाठवला. ताईने परत पाठवला. म्हणाली, साय आलीय.

मी कदाचित गुजरातला जाणार होतो, एक जण बोटीवर काम आहे म्हणतो. नाही गेलो. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी कुठे जात नाही. एवढा एका जागी मी शाळेत पण बसलो नव्हतो.

भिकन


देवळाली कॅम्प, २६ ऑक्टोबर

दाजी,

तुमचं पत्र मिळालं. दोन ओळी का होईना, मिळालं. माझी सगळी पत्रं फाडली नव्हतीत हे पण कळलं, नाहीतर नसेचा विषय तुम्हाला कुठून माहीत.

तुम्ही लिहिलंत की बरी झाली असेल तर दिवाळीला येऊन घरी सिन्नरला घेऊन जातो, झालं गेलं सोडून देऊ, दुकान मात्र बंद. आणि तुम्हाला हवालदारीची फीत लागणार आहे, तेही कळवलंत. अभिनंदन.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी पत्र घेऊन धावतच दुकानात गेलो. आधीच्या दोन्ही फिती ताईनेच तुमच्या बाहीला शिवल्या होत्या, म्हटलं आता तिसरी. ताईने पत्र वाचलं, घडी घातली, बटणांच्या बरणीखाली ठेवलं आणि हातातली पट्टी पूर्ण शिवली. कोणाची तरी लांबलचक नावाची होती. मी तिथेच उभा.

मग म्हणाली, "बरी झाली असेल तर?"

मी म्हटलं, ते नुसतं लिहायची पद्धत.

"आणि संक्रांतीच्या आसपास परत मिटायला लागला तर? परत सिन्नरची बस?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर पाठवा. तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितोय, तिने पुन्हा म्हणून दाखवलं आणि मी लिहून घेतलं:

"दिवाळीला येऊ नका. औषध उतरल्यावर या. डोळा मिटत असताना या, आणि टपरीवर नाही, काउंटरपाशी उभे राहा. तुमची फीत मी तिथेच शिवीन, सगळ्या बाजारासमोर. तेव्हा नेता येत असेल तर बोलू. साक्षी कुठेही जाणार नाही आणि दुकान बंद होणार नाही."

मी म्हटलं, ताई, जरा मऊ लिहितो. ती म्हणाली, लिहिलंस तर बघ.

तर हे कडकच आहे.

भिकन


देवळाली कॅम्प, ६ जानेवारी

दाजी,

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. वकीलही आला नाही आणि सिन्नरहून साक्षीला न्यायलाही कोणी आलं नाही, म्हणून आईने भाऊबीजेला सिन्नरला फराळाचा डबा पाठवला. डबा रिकामा परत आला नाही, तुमच्या आईंनी त्यात चकल्या घातल्या होत्या. याचा अर्थ काय लावायचा यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली.

डोळा नाताळाच्या सुमाराला परत सुरू झाला. आधी फडफड, आता मिटतो. ताई पुढेच बसते. निवृत्तीशेठ पडदा सरकवायला आले तर म्हणाली, राहू द्या शेठ. नवीन रिक्रूट आला आणि बावचळला की ती स्वतःच सांगते, "माझ्या डोळ्याकडे लक्ष देऊ नका, नाव नीट सांगा." परवा एक पोरगा इतका घाबरला की स्वतःच्या बापाचं नाव सांगून बसला, आणि तीच पट्टी शिवून झाली. सगळं दुकान हसलं, तो पण. काळू आता टपरीवर नव्या पोरांना आधीच सांगून पाठवतो की बाईंना नसेचा त्रास आहे. शीर कुठे टेकते ते पण मानेला हात लावून दाखवतो. चुकीच्या ठिकाणी दाखवतो, पण दाखवतो.

मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, औषध आहे, डॉक्टर बोलावतात, तू ओढलेल्या तोंडाने कशाला बसतेस? सुई बोटात जाते तिच्या, मी पाहतो. ती म्हणाली, संक्रांत होऊ दे. संक्रांत झाली की ते आले तरी घेणार, नाही आले तरी घेणार. तारीख घेऊन ठेवलीय. तेव्हा तुमच्यासाठी जन्मभर थांबलीय असा समज करून घेऊ नका. ती थांबलीय तुम्हाला तो मिटता डोळा एकदा जवळून पाहता यावा म्हणून.

आता मुद्दा. तुमचं पार्सल काल आलं. तुमची वर्दी, वर नवी फीत टाचणीने लावलेली, आणि चिठ्ठी की उज्ज्वलाने शिवून परत पाठवावी. मला वाटलं ताई चिडेल. तिने वर्दी हातावर घेतली, कॉलर पाहिली, एक बटण सैल होतं ते घट्ट केलं. मग इस्त्री करून दुकानात अगदी समोर हँगरला लावली, जिथे गिऱ्हाइकाचं तयार काम लावतात. फीत शिवली नाही. टाचणी तशीच.

निवृत्तीशेठ म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाक. ती म्हणाली, "माणूस आल्याशिवाय कसं शिवू? माप घ्यायचंय."

दाजी, बाहीवर फीत शिवायला माप लागत नाही हे मला माहीत आहे, निवृत्तीशेठना माहीत आहे, समोर रांगेत उभ्या असलेल्या पोरांनाही माहीत होतं. तरी मागचा एक जण म्हणाला, हो, माप पाहिजेच. आता बाजारात जो येतो तो ती वर्दी बघतो, तुमचं नाव वाचतो आणि विचारतो, साहेब कधी येणार.

नाशिकरोडला उतरलात तर मी मॅडमना विचारून गाडी आणीन. देवळालीला उतरलात तर चालतच या, वाट तुम्हाला माहीत आहे. टपरी मधे लागते. तिथे थांबू नका.

हे लिहीत होतो तर आई मागून येऊन ताईकडे बघत बसली. आज सकाळपासून तिचा डोळा जास्तच लवतोय. आई म्हणाली, "सडा घालते. कोनतरी येनार." ताई म्हणाली, औषध उतरलंय आई, दुसरं काही नाही.

दोघींपैकी कोण खरं बोलतंय, ते आता तुमच्या हातात आहे.

भिकन